गोठा, खळं आणि दिवाणखाना

लॅम्बर्टव्हिलच्या पुलावरून डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी संपते आणि पेनसिल्व्हेनियातली बक्स कौंटी सुरू होते. पुलापलीकडचं न्यू होप हे गाव पाहुण्यांसाठी नटूनथटून बसलेलं असतं. कलावस्तूंची दुकानं, आइस्क्रीम, रविवारी मोटरसायकलींचा गोंगाट. पण गाव मागे टाकून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं गाडी हाकली, की रस्ता अरुंद होतो आणि शेतांच्या कडेला दगडी भिंतींच्या थोराड इमारती दिसू लागतात. हेच ते बार्न. याला मराठीत एक शब्द सापडत नाही. आपल्याकडे गोठा, खळं, गवताचा माळा आणि धान्याचं कोठार यांच्या जागा सहसा वेगवेगळ्या. इथल्या जर्मन शेतकऱ्याने थंडीला भिऊन त्या सगळ्या एका छपराखाली आणल्या.

गेली काही वर्षं अशा बार्नमध्ये किंवा निदान बार्नसारख्या दिसणाऱ्या घरात राहायची मोठी टूम निघाली आहे. टेक्सासमधल्या एका जोडप्याची ‘फिक्सर अपर’ ही मालिका २०१३ साली टीव्हीवर सुरू झाली, आणि पांढऱ्या आडव्या फळ्या, काळ्या चौकटीच्या खिडक्या व रुळावरून सरकणारी दारं घरोघर पोचली. आपल्या मंडळातही कोजागिरीला दुधाचे पेले हातात घेऊन याच गप्पा चालतात. आम्ही दोघंही त्यातलेच. लागोपाठ दोन वर्षं पानगळीच्या दिवसांत शनिवार-रविवार काढून आम्ही बक्स, बर्क्स आणि लँकेस्टर या तीन कौंट्या पालथ्या घातल्या. त्यात नुसती हौस नव्हती. थोरला कॉलेजला गेला, धाकटी दोन वर्षांत जाईल, आणि आई आता कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आहेत. वय ७८, दोन्ही गुडघे दुखरे. आमच्या सध्याच्या घरात झोपायच्या खोल्या सगळ्या वर, चौदा पायऱ्या चढून. तेव्हा घर बघायचं ते आईंच्या गुडघ्यांच्या हिशेबाने, हे आधीच ठरलं होतं.

पेनसिल्व्हेनियाचा खास बार्न म्हणजे बँक बार्न. इथे बँक म्हणजे पैशांची पेढी नव्हे बरं का, टेकडीचा उतार. उतारात खोदून इमारत बसवायची. वरच्या अंगाने गवताने भरलेली गाडी थेट वरच्या मजल्यावर घालता येते, आणि खालच्या अंगाने गुरं थेट तळमजल्यात शिरतात. जिना कुणालाच लागत नाही, गाईला नाही आणि गाडीलाही नाही. खालची बाजू शक्यतो दक्षिणेला किंवा आग्नेयेला तोंड करून असते, आणि वरचा मजला तिच्यावर पाच-सहा फूट पुढे आलेला असतो. त्या सज्जाखाली गुरं हिवाळ्यात ऊन खात उभी राहत. भिंतीत उभ्या अरुंद फटी असतात त्या शोभेच्या नाहीत. ओलसर गवत कोंदलं की आतून तापतं आणि आपोआप पेट घेतं, म्हणून वारा खेळता ठेवलेला.

आत शिरल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. खांब, तुळया, वासे सगळं उघडं. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. खिळा जवळजवळ नाहीच. जुन्या तुळयांवर कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा अजून बोटाला लागतात. काही ठिकाणी लाकूड चेस्टनटचं असतं, आणि ते आता नव्याने मिळत नाही. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एका बुरशीचा रोग ध्यानात आला आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्याने अमेरिकन चेस्टनटची ३ ते ४ अब्ज झाडं खाल्ली. त्यामुळे ज्याच्या छपराला चेस्टनट आहे त्याने ते रंगवून टाकू नये, एवढीच आमची हात जोडून विनंती.

दोन तुळयांमधल्या जागेला इथे ‘बे’ म्हणतात. आपल्या वाड्यांच्या भाषेत तो खण. वाडा जसा किती खणी ते सांगून मोजतात, तसाच बार्नही तीन खणी किंवा चार खणी. मधल्या खणात मळणीची जमीन, दोन्ही बाजूंच्या खणांत गवत. आमच्या मते आतल्या सजावटीचं सगळं रहस्य या खणात आहे. ज्यांनी खण ओळखला त्यांची घरं सुंदर झाली. ज्यांनी मनाला येईल तिथे भिंत घातली, त्यांच्याकडे तुळई अर्धी न्हाणीघरात आणि अर्धी कपाटात, असा देखावा दिसतो.

ओळखीतून ओळख निघून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं घर बघायला मिळालं. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, चार खणांचं. मधले दोन खण त्यांनी छपरापर्यंत मोकळे ठेवले होते, तोच दिवाणखाना. गाडी आत यायची त्या बारा फुटी दारात काच बसवलेली. दगडी भिंतीला नवी खिडकी एकही पाडली नव्हती, तरी उजेड भरपूर. कडेच्या दोन खणांत खाली स्वयंपाकघर, न्हाणीघर, अभ्यासिका, आणि त्यांच्यावर गवताच्या माळ्यांच्या जागी निजायच्या खोल्या. म्हणजे उंच जागा माणसं जमायला आणि बुटकी जागा एकट्याने बसायला. इतकं साधं सूत्र, पण नव्या बार्नघरांच्या कितीतरी नकाशांत ते हरवलेलं दिसतं.

आता फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे आवाज. त्या दिवाणखान्यात आम्ही दोघं एकदम बोललो आणि कुणालाच काही कळलं नाही. बाई हसून म्हणाल्या, इथे पाळीपाळीने बोलावं लागतं! साठ बाय चाळीसची सगळीच जागा मोकळी ठेवली आणि सरासरी उंची २४ फूट धरली, तर आकारमान होतं ५७,६०० घनफूट. फळ्यांची जमीन, दगड आणि लाकूड एवढंच असेल, तर आमच्या हिशेबाने आवाज विरायला जवळपास चार सेकंद लागतात. सुखाने गप्पा मारायला एक-दीड सेकंद पुरे. हे गणित घालून देणारा वॉलेस सेबिन हार्वर्डचा प्राध्यापक. १८९५ साली त्याला विद्यापीठातलं एक घुमणारं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं, तेव्हा त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि त्या मांडत-काढत मोजमापं घेतली. शोषणाचं माप त्याने धरलं ते उघड्या खिडकीचं क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात चार सेकंदांवरून दीड सेकंदावर यायचं तर अशी हजार-बाराशे चौरस फूट ‘खिडकी’ लागेल. जाड गालिचे, पुस्तकांची कपाटं, वाशांच्या मध्ये लोकरीचे तक्ते हे उपाय इथले. आम्ही त्यात भारतीय बैठकीची भर घालू. एका खणात भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या, वर चादरी, कडेने लोड आणि तक्के. गाण्याची बैठकही होते आणि सेबिनसाहेबही खूश.

दुसरी गोष्ट ऊब. गरम हवा आढ्याशी जाऊन बसते आणि खाली पाय गारठतात. जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या घालणं हा चांगला उपाय. सोबत मोठा सावकाश फिरणारा पंखा, हिवाळ्यात उलटा फिरवायचा. छपराची थंडी अडवताना मात्र ती बाहेरच्या बाजूने अडवावी. दोन तक्त्यांत फोम भरलेली तयार पॅनेलं मिळतात, ती सांगाड्यावर बाहेरून पांघरूण घातल्यासारखी बसवतात, म्हणजे वासे आतून दिसत राहतात. आतून कापूस भरून वर प्लास्टरबोर्ड ठोकला, तर बार्न घेतला कशाला?

तिसरी गोष्ट फोडणी. अमेरिकन मासिकांतल्या बार्नघरात ओटा हमखास मोकळ्या दिवाणखान्याच्या मध्यभागी असतो. त्यावर कुणी हिंग-मोहरीची फोडणी केलेली दिसत नाही. आपल्या घरात त्या फोडणीचा वास गरम हवेबरोबर वर जाणार आणि माळ्यावरच्या खोलीत पाहुण्यांच्या कोटांत मुक्काम करणार. म्हणून चूल कडेच्या खणात, बुटक्या छताखाली, बाहेरच्या भिंतीला लागून हवी. धुराडं सरळ आणि आखूड. पंख्याची ताकद मिनिटाला ४०० घनफुटांच्या पुढे गेली, तर बाहेरून ताजी हवा आत घ्यायची सोय करावी, असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. घट्ट बंद घरात तो पाळणं शहाणपणाचंही आहे.

सरकत्या दारांविषयी आमचं मत चांगलं नाही. भिंत आणि दार यांच्यात बोटभर फट राहते. त्यातून आवाज, उजेड, वास सगळं येतं-जातं. अभ्यासिकेला ठीक, न्हाणीघराला मुळीच नको. जुन्या फळ्या भिंतीला लावायची हौस असेल तर आधी दोन चौकश्या कराव्यात. १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तपासणी हवी. आणि फळ्या भट्टीत तापवून भुंगे मारलेले आहेत का ते विचारावं. नाहीतर भिंतीबरोबर भिंत खाणारेही घरात येतात.

एवढ्या मोठ्या खोलीत आपली शहरी टेबलं-खुर्च्या हरवून जातात. मोठी वस्तू हवी, पण मोजकी. न्यू होपचे जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामाकडे बघावं. झाडाची मूळ कड तशीच ठेवलेली त्यांची टेबलं जगभर गेली. या माणसाचा आपल्याशी जुना संबंध आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अँटोनिन रेमंड यांच्या वतीने ते पाँडिचेरीला श्रीअरविंद आश्रमाच्या गोलकुंड या वसतिगृहाच्या बांधकामावर होते, आणि आश्रमाने त्यांना सुंदरानंद हे नाव दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून त्यांना आयडाहोच्या छावणीत डांबलं. १९४३ मध्ये रेमंड यांनीच त्यांना सोडवून न्यू होपच्या आपल्या शेतावर आणलं. १९६४ साली ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही काम करून आले. लाकूड तडकलं तर तडा झाकायचा नाही, त्यावर फुलपाखराच्या आकाराचा सांधा बसवायचा, ही त्यांची रीत.

आता मुख्य गोष्ट, आईंची खोली. ज्या बार्नवर आमचा जीव जडला तो बर्क्स कौंटीतला, आणि त्याचा तळमजला म्हणजे निव्वळ गोठा. दगडी भिंती, साडेसात फूट छत, दक्षिणेला सज्जा. बँक बार्न असल्यामुळे खालूनही दार, वरूनही दार, पायरी एकही नाही. आईंना याहून सोयीचं काय असणार? पण सासूबाईंना गोठ्यात ठेवायचं, हे त्यांच्यापुढे बोलावं कसं? बोललो एकदाचं. त्या भोर तालुक्यातल्या. त्या म्हणाल्या, “गोठ्याचं काय घेऊन बसलात? थंडीत आम्ही पोरं गोठ्याच्याच भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचो. सगळ्या घरात ऊब तिथेच.” मग थोडं थांबून, “पण माझं दार वेगळं. म्हणजे वेगळी चूल मांडायची का मी?”

या प्रश्नाला सजावटीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. दार वेगळं ही इथल्या म्हाताऱ्या माणसाला सोय वाटते, आपल्या माणसाला तोच निरोप वाटू शकतो. शेवटी उत्तर बार्ननेच दिलं. वरच्या मजल्याच्या जमिनीत एक चौकोनी भोक होतं. त्यातून गुरांना गवत टाकत. मुख्य तुळयांच्या मध्ये, सांगाड्याला धक्का न लावता ठेवलेलं. आर्किटेक्टच्या मते तेवढ्यात घरगुती लिफ्ट बसते. म्हणजे आई खाली गोठ्यात बसून उठतील त्या थेट स्वयंपाकघराशेजारी. खाली गॅस नाही, फक्त चहाची विजेची किटली. देवघर वर, मळणीच्या जागेलगत, पूर्वेच्या भिंतीला. खालचं दार तुळशीसाठी आणि उन्हासाठी. आईंनी नकाशा चष्मा लावून पाहिला आणि लिफ्टच्या जागी बोट ठेवून विचारलं, “आणि वीज गेली तर?” तेव्हापासून जनरेटरही हिशेबात आला आहे.

तळमजला राहायला घेताना इथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालत नाही. ती म्हणजे रेडॉन. १९८४ च्या डिसेंबरात लिमरिकच्या अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनियर कामावर येताना किरणोत्सर्गाची घंटा वाजवू लागला. केंद्रात तेव्हा अजून वीजसुद्धा तयार होऊ लागली नव्हती! शोध घेतला तर तो वायू त्याच्या बर्क्स कौंटीतल्या घराच्या तळातून येत होता. या पट्ट्यातल्या खडकात युरेनियम आहे. सरकारी पर्यावरण खात्याची मर्यादा लिटरला ४ पिकोक्युरी. त्यावर आकडा आला, तर काँक्रीटखालून नळी काढून पंख्याने वायू छपरावर सोडतात. उपाय सोपा आहे, पण जमीन घालण्याआधी नळी टाकली तर स्वस्तात होतो. आमच्या बार्नची तपासणी सुरू आहे. आकडा हातात येईपर्यंत सौदा थांबला आहे.

कुणाला असाच फेरफटका मारायचा असेल तर ऑक्टोबर उत्तम. नदीकाठचा ३२ नंबरचा रस्ता घ्यावा, घाई असेल तर घेऊ नये. मॅल्व्हर्नजवळ वॉर्टन एशरिक या लाकूडकाम करणाऱ्या कलावंताचा दगडी स्टुडिओ आहे. १९२६ पासून त्याने इथल्या बार्नच्याच धर्तीवर तो बांधत नेला. आतला लाल ओकचा वळणदार जिना १९३० चा, आणि तो एकदा बघावाच. आधी वेळ ठरवून जावं लागतं. आणि विकाऊ बार्न बघायला जाल तेव्हा गाडीत एक बॅटरी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर ठेवा. दगडी पायावर टेकलेल्या सर्वांत खालच्या तुळईत तो दाबून बघायचा, विशेषतः उताराच्या बाजूला, जिथे माती भिंतीला भिडते तिथे. टोक पाव इंचावर अडलं तर पुढचं बोलणं करावं. मुठीपर्यंत आत गेलं तर मालकाचे आभार मानून गाडीकडे वळावं.