चिलखताचे गणित

कोल्हापूरच्या तालमीतील मर्दानी खेळात ढालीमागे सारे अंग कधीच झाकले जात नाही. लहानपणी आम्हांला त्याचे भय वाटे. पुढे २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या मूळ रूपात आम्ही चिलखतच साठवीत बसलो. साठाव्या पातळीच्या शत्रूपुढे चिलखताचे ५,५०० अंक निम्मा घाव शोषीत, ११,००० दोन-तृतीयांश, १६,५०० पाऊण. तेथेच मर्यादा होती. टक्के मंदावत, पण सोसता येणारे घाव मात्र दुप्पट, तिप्पट, चौपट असे समान पावलांनी वाढत. जादूपुढे तर हे चिलखत निरुपयोगीच. अभय कोठेच नव्हते. चिलखत केवळ मुदत वाढवी. त्या मुदतीत पाऊल हलवायचे असते, हे तालमीतील मुलांना आमच्याआधी उमगले होते.