घाटाच्या पायथ्याशी

पोलादपूर हे दोन घाटांच्या पायथ्याशी वसलेले गाव. मुंबई–गोवा महामार्ग येथून कशेडीमार्गे खेडकडे जातो आणि आंबेनळीचा वळणावळणाचा रस्ता प्रतापगडाच्या बाजूने महाबळेश्वर गाठतो. घाट उतरून आलेली अवजड वाहने तापलेले ब्रेक घेऊन येथे थांबत. त्या थांब्यावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, १९७८ पासून अठ्ठावीस वर्षे ब्रेकचे काम केले. ट्रकचालक त्यांना ‘फौजीमिस्त्री’ म्हणत.

आमच्या भागात फौजी असण्याचे कोणाला अप्रूप नव्हते. महाड तालुक्यातील आंबवडे हे गाव तर ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून १११ जण गेले आणि त्यांतील सहा परतले नाहीत. डोंगरउताराची भातशेती वर्षाचे धान्य पुरवीत नसे. थोरल्याने मुंबईची गिरणी धरावी आणि धाकट्याने पलटण, ही घरोघरची रीत होती. अप्पा धाकटे. १९६२ मध्ये, विसाव्या वर्षी, ते ईएमईमध्ये म्हणजे सैन्याची वाहने व शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या दलात भरती झाले. १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धे त्यांनी पाहिली. त्यांतली एकच गोष्ट ते सांगत : आघाडीवर रात्री दिवा लावायची मुभा नसे, म्हणून बोल्ट हाताने ओळखायला शिकलो. बाकी सारे त्यांनी स्वतःपाशी ठेवले आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, कधी खोदून विचारले नाही.

ती सवय दुकानात टिकली. ब्रेकच्या शूवर लायनर रिव्हेटने ठोकतात. रिव्हेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागापेक्षा खोल बसावे लागते. ते वर राहिले तर ड्रमला ओरखडे पडतात. ठोकून झाल्यावर अप्पा डोळे मिटून प्रत्येक रिव्हेटवरून अंगठा फिरवीत. कोणी तापल्या ड्रमवर पाणी ओतताना दिसला की त्याच्या अंगावर धावून जात, कारण तशाने ड्रम तडकतो. एरवी हा माणूस आवाज चढवीत नसे.

संध्याकाळच्या एस.टी.ने ते महाडला घरी येत. सोळा वर्षे मनिऑर्डरीवर काढलेल्या संसारात एकही रात्र बाहेर काढायची नाही, असे त्यांनी जणू ठरवले होते. रॉकेलने हात धुऊनही नखांतला काळेपणा जात नसे. रविवारी आईला चुलीपासून उठवून ते लंगरात शिकलेल्या जाड पोळ्या करीत. त्या काही फार चांगल्या होत नसत. आई मात्र दोन खाई.

१९९१ च्या वैशाखात मी त्यांच्यावर फार रागावले होते. माझ्या बी.ए.च्या परीक्षेची फी भरायचे पैसे त्यांच्या खिशात होते. त्या सकाळी वऱ्हाडाचा एक टेम्पो आंबेनळी चढण्यापूर्वी दुकानाशी थांबला. चाक उतरवल्यावर ड्रमला तडा दिसला. “मिस्त्री, मुहूर्त टळेल, चाक चढवा. जबाबदारी आमची,” नवऱ्याचे मामा म्हणाले.

“जबाबदारी तुमची, पण चाक मी चढवायचं ना?” अप्पा म्हणाले. त्यांनी चाक दुकानात नेऊन ठेवले. शिव्या ऐकल्या. मग दोन जीपगाड्या ठरवून दिल्या आणि भाडे स्वतः भरले, माझ्या फीच्या पैशांतून. मी रात्री रडले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बाय, तुझी फी दंडासह भरता येईल.” भरलीही. तरी कित्येक वर्षे मला वाटत राहिले की, परक्यांपुढे त्यांना माझी आठवण राहिली नाही. आई म्हणे, पैसे मोजताना त्यांचा हात थरथरत होता. हे दुकानातल्या पोऱ्याने तिला सांगितले होते. मी ते तेव्हा ऐकून घेतले नाही.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. आम्ही अप्पांना माळ्यावर चढवले; ते एकोणऐंशी वर्षांचे होते. पाणी ओसरले तेव्हा खालच्या खोलीत गुडघाभर चिखल होता. ट्रंकेत समर सेवा स्टार, संग्राम पदक अशी पदके सापडली, त्यांच्या फिती कुजलेल्या. भावाने ती धुऊन पुढे धरली. अप्पांनी ती पाहून बाजूला ठेवली आणि हत्यारांची पेटी मागितली. पानेही गंजू लागले होते. ओट्यावर बसून ते एकेक पाना डिझेलच्या फडक्याने पुसू लागले.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून मदतीचा टेम्पो आमच्या गल्लीत आला. लोक पाण्याच्या बाटल्यांसाठी धावले. अप्पा काठी टेकत चाकापाशी गेले, ड्रमजवळ हात नेला, वास घेतला आणि चालकाला विचारले, “घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलात?”

तो पोर गोंधळून म्हणाला, “चौथ्यात.”

अप्पांनी मागे वळून मला पाना आणायला सांगितले.