मिटलेली बाकं

मैत्रिणींनो, तुमच्याकडे घडीची कॉट होती का हो? लोखंडी पाइपची, वर निळ्या पट्ट्या विणलेली, मधून दुमडून दाराआड उभी करायची ती? आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत होती. १९८२ साली मी लग्न होऊन आले, तेव्हा घरात माणसं सहा. बाहेरच्या खोलीत कॉटवर सासूबाई, खाली गाद्या घालून दोन दीर नि नणंद, आत आम्ही दोघं. सहाच्या ठोक्याला सासूबाईंना उठवायचं, कॉट मिटायची, गाद्यांच्या वळकट्या करायच्या, की मग त्या एवढ्याशा खोलीत एकाची दाढी, एकाचे बूट आणि नणंदेची वेणी एका वेळी चालायची. ही युक्ती माझी. आल्यावर पंधरा दिवसांत मी ती बसवली आणि शेजारपाजारी माझं कौतुकही झालं.

सासूबाई मग स्वयंपाकघरात भिंतीला टेकून चौरंगावर बसायच्या. त्याबद्दल पुढं सांगते.

ही आठवण वर यायला कारण झाली एक आगगाडी, आणि तीही जपानातली. २००८ साली लेकीच्या बाळंतपणाला मी टोकियोला गेले होते. तिचं घर निप्पोरी स्टेशनाजवळ. सातवा संपत आला होता, आणि तपासणीची वेळ सकाळची मिळाली होती. साडेआठला आम्ही दोघी स्टेशनवर. शहराला गोल फेरी घालणारी त्यांची यामानोते म्हणून लाईन आहे, तिची गाडी आली. मला आपली डोंबिवलीची सवय. गाडी दिसली की पाय आपोआप पळतात. समोर आलेल्या दारात मी लेकीला पुढं घातलं आणि आत शिरले.

आत बाकंच नव्हती. म्हणजे होती, पण भिंतीला चिकटवून मिटलेली, आपल्या पाटासारखी उभी. आडव्या दांड्या, उभ्या दांड्या, लोंबणाऱ्या कड्या नि माणसंच माणसं.

"अगं आई, सहा दारांचा डबा हा," लेक म्हणाली. "दारावर लिहिलेलं असतं. माझंच लक्ष नव्हतं."

मग तिनं समजावलं ते असं. गाडीला डबे अकरा. त्यातल्या सातव्या आणि दहाव्याला एका बाजूला चाराऐवजी सहा दारं. सकाळी दहापर्यंत त्यांतली बाकं मिटून ठेवलेली, कुणाला उघडता येत नाहीत. दहानंतर उघडायची. अशी सोय त्या लाईनवर १९९१ पासून होती. बाकं नसली की उभी माणसं जास्त मावतात हे तर झालंच. पण त्याहून मोठा फायदा चढण्या-उतरण्याचा. दोन-तीन मिनिटांना एक गाडी. एका स्टेशनात अर्धं मिनिट जास्त मोडलं की मागच्या सगळ्या गाड्या रखडणार. सहा दारं नि मोकळा डबा, म्हणजे माणसं भसाभस उतरतात, भसाभस चढतात. ओसाकाकडे तर एका कंपनीनं १९७० पासूनच असे डबे काढले होते, की पाच दारांपैकी दोन दारांपुढची सीटं गर्दीच्या वेळी वर जाऊन छताला बसायची आणि गर्दी ओसरली की दारं बंद करून पुन्हा खाली उतरायची! २०२१ पर्यंत चालले ते डबे. हुशारी आहे बाई त्या लोकांची, नाही कोण म्हणतं?

त्यांच्याकडे गर्दीचाही सरकारी तक्ता असतो. त्यात २०० टक्के गर्दी म्हणजे काय, तर अंगाला अंग लागतं, चांगलं दाबलं जातं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० टक्के म्हणजे हातही हलवता येत नाही. मला वाचून हसूच आलं. हे आपलं साप्ताहिक घेऊन आठच्या कर्जतमध्ये चढून दाखवा म्हणावं!

पण त्या सकाळी हसू आलं नव्हतं. लेकीच्या पिशवीला तिथल्या गरोदर बायका लावतात तो छोटा बिल्ला लटकत होता. २००६ पासून तिथल्या सरकारनं तो सुरू केलाय, म्हणजे पोट दिसत नसलं तरी लोकांना कळावं. शेजारी एक चाळिशीची बाई होती. तिनं बिल्ला पाहिला, मग मिटलेल्या बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. पुढं उएनोला लोंढा आला तेव्हा तिनं दोन्ही हात दांडीला लावून लेकीच्या पोटापुढं वीतभर जागा धरून ठेवली. तिला तेवढंच करता येत होतं. ती स्वतः बसलेली असती तर उठली असती, पण उठणार कुठून? सहा स्टेशनं, अकरा-बारा मिनिटं. तेवढ्यात लेकीच्या कपाळावर घामाचे थेंब आले नि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तपासणीत सगळं ठीक निघालं, देवाची कृपा. परत येताना मात्र लेकीनं मला फलाटावर पाटी दाखवून दाखवून साध्या डब्यापाशी नेलं.

आपल्या लेडीज डब्यात कसं असतं ते तुम्हांला मी काय सांगू. तीन जणींचं बाक, त्यावर चौथी टेकते. अर्धी हवेत, अर्धी बाकावर, आणि एक पाय वाटेत. तरी ती चौथी सीटसुद्धा कुणी सोडत नाही. "कुठं उतरणार?" विचारून जागा धरायची, उलटं कल्याणला जाऊन बसून यायचं, बसल्यावर पिशवीतून मटार काढायचे. मी अठ्ठावीस वर्षं डोंबिवली ते व्ही.टी. केलं. तासाभराच्या त्या प्रवासात जिला बसायला मिळालं तिची तेवढीच विश्रांती, घरी गेल्यावर पुन्हा ओटा होताच. आमच्या ग्रुपात नेम होता, की बसलेल्यांनी घाटकोपरला उठायचं आणि उभ्या असलेल्यांना बसवायचं. कुणी लिहून दिला नव्हता, पण मोडला तर आठवडाभर तोंड चुकवावं लागे. बाकं मिटायची नाहीत, माणसं बदलायची. आमची आपली ही तऱ्हा.

अर्थात तो नेम ग्रुपापुरता, हेही खरं सांगायला हवं. अनोळखी पोरगी समोर घामाघूम होऊन उभी असली, तर खिडकीशी डोळे मिटून झोपेचं सोंग घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मीही कधी कधी मिटलेत. पण निदान एखादी फटकळ मावशी तरी ओरडायची, "अगं, दिवस गेलेत तिला, दिसत नाही का? ऊठ!" आणि कुणी ना कुणी उठायचंच. टोकियोच्या त्या डब्यात ओरडायलासुद्धा कुणी समोर बसलेलं नव्हतं.

तरीही बाकं काढूच नयेत असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ काय झालं, आठवतं ना? दारात लटकलेली माणसं धावत्या गाडीतून पडली, जीव गेले. तो आमचाच रस्ता. माझा भाचा त्याच वेळेला त्याच मार्गावर असतो. दुपारपर्यंत त्याचा फोन लागेना, तेव्हा माझ्या पोटात काय झालं ते माझं मला ठाऊक. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं, "बाई, सगळी बाकं उपटून टाकू का, म्हणजे दारातली मुलं आत येतील?" तर मी म्हटलं असतं, टाका हो, आत्ता टाका. आमच्यासारख्या गुडघेवाल्या दुपारच्या गाडीनं जातील.

पण सगळ्याच गुडघेवाल्यांना दुपार निवडता येते का? तपासणीला, डायलिसिसला, कामावर सकाळीच जावं लागतं. न्यूयॉर्कला २०१७ साली भुयारी रेल्वेच्या काही डब्यांतून सीटं काढायचं ठरलं, डब्याला साधारण पंचवीस माणसं जास्त मावतील म्हणून, तेव्हा तिथल्या लोकांनीही म्हाताऱ्यांनी करायचं काय, हेच विचारलं. आपल्याकडे मेट्रोत मधला मार्ग काढलाय: बाकं दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावून मध्ये उभ्यांना अंगण. २०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर सुरू झाली तेव्हापासून मी पाहते, खरंच जास्त माणसं मावतात. मटार मात्र सोलता येत नाहीत, मांडीवर समोरच्याची बॅग येते!

यामानोतेवरच्या त्या मिटणाऱ्या बाकांचे डबे २०११ पर्यंत सगळे निघाले. फलाटावर सरकत्या दारांचे कठडे बसवायचे होते, आणि त्यासाठी सगळ्या डब्यांची दारं एकाच मापावर यायला हवी होती. शिवाय गर्दीही पहिल्यापेक्षा कमी झाली होती. आता तिथं साधे चार दारांचे डबे आहेत. लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

आता सासूबाईंचं. १९८९ च्या थंडीत त्यांची कंबर धरली होती. एका सकाळी त्या म्हणाल्या, "आज राहू दे गं उघडी, जरा पडते." माझी सात पन्नासची गाडी. दिरांचे डबे भरायचे होते. मी म्हटलं, "आई, आठ वाजेपर्यंतच ना, मग उघडते पुन्हा," आणि कॉट मिटली.

आठला उघडायला घरी असायचं कोण? मी कोपरच्या पुढं गेलेली असायची, दीर नि हे आपापल्या गाडीत, नणंद कॉलेजात. कॉट चांगली जड, एकट्या म्हातारीच्यानं ती निघायची नाही. म्हणजे मी संध्याकाळी सातला परत येईपर्यंत ती दाराआडच उभी. सासूबाई दुपारी चटईवर पडायच्या आणि जमिनीवरून उठताना मोरीच्या कठड्याला धरायच्या. मला माहीत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. कठड्याशी चटई गुंडाळून ठेवलेली मी रोज पाहत होते.

टोकियोत दहा वाजता बाकं उघडत तरी होती. लेकीचा हात धरून त्या डब्यात उभी असताना मला चौरंगावरच्या सासूबाई दिसल्या, त्या अशा.

पुढं दीर वेगळे झाले, नणंदेचं लग्न झालं, जागाच जागा झाली. सासूबाईंच्या शेवटच्या आठ महिन्यांत ती कॉट रात्रंदिवस उघडी होती. १९९६ ला त्या गेल्या. दोन वर्षांनी आम्ही ती भंगारात काढली. भंगारवाल्यानं मिटायला खूप जोर लावला, पण बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या, मिटेना. शेवटी तशीच उघडी डोक्यावर घेऊन, जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीला घासत, त्यानं ती खाली नेली.