मुकें पेडल

मोटारीचें पेडल दाबलें कीं मोटार धांवूं लागते, हें आपल्या इतकें अंगवळणी पडलें आहे कीं पाय आणि इंजिन यांच्या मध्यें काय घडतें याची चौकशी करण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाहीं. पूर्वीच्या मोटारींत मध्यें एक पोलादी तार असे. पायाच्या दाबानें ती ओढली जाई, तिच्या दुसऱ्या टोकाची झडप उघडे, इंजिनांत हवा शिरे व तिच्या मानानें पेट्रोलही जाई. तार तुटली तर पेडल पायाखालीं लुळें पडे. बिघाड कोठें आहे हें सांगावयास पंडित लागत नसे. तुटलेल्या तारेच्या जागीं सुतळी बांधून, ती हातांत धरून गाडी घरीं आणणारे ड्रायव्हर आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आजही आदर आहे.

आजच्या मोटारींतून ती तार नाहींशी झाली आहे. अमेरिकेंतील कॉर्व्हेट या प्रसिद्ध क्रीडामोटारीच्या १९९७ सालच्या नव्या अवतारांत ती गेली, आणि पुढें साध्या कुटुंबवत्सल मोटारींतूनही गेली. आतां पेडलाच्या मुळाशीं दोन संवेदक, म्हणजे गॅरेजच्या भाषेंत सेन्सर, बसविलेले असतात. पेडल किती दाबलें आहे हें ते विद्युद्दाबाच्या रूपानें मोटारींतील संगणकास कळवितात, आणि संगणक आपल्या हिशेबानें एका छोट्या विद्युत्-यंत्राकरवीं झडप उघडतो. पेडलाखालीं स्प्रिंग आहे, ती पेडल परत वर यावें यासाठीं आणि कांहीं अंशीं पायाची जुनी संवय मोडूं नये यासाठीं. पूर्वीं आपण पायानें हुकूम देत असूं. आतां अर्ज करतों.

हा अर्ज नामंजूर झाला म्हणजे काय होतें, हें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बोरघाटांत कळून आलें. त्यानें हौसेनें एक जुनी, दोन आसनांची, दुमडत्या टपाची क्रीडामोटार विकत घेतली होती. मोटारीच्या कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. संध्याकाळची वेळ, पावसाची झड, शेजारीं त्याची पत्नी, आणि चढावर असतांना पेडल मुकें झालें. पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबला तरी इंजिन आपलें जागच्या जागीं गुणगुणत राहिलें. मागून एक अवजड कंटेनर भोंगा वाजवीत येत होता. उरल्यासुरल्या वेगावर त्यानें मोटार डाव्या कडेस घेतली म्हणून निभावलें. किल्ली बंद करून पुन्हां फिरविली तेव्हां मोटार कांहीं वेळ शहाण्यासारखी चालली, पुन्हां मुकी झाली. अशा रीतीनें बैलगाडीच्या चालीनें तीं दोघें रात्रीं उशिरा पुण्यास पोहोंचलीं. त्याची पत्नी पुढें कित्येक दिवस त्या मोटारींत बसली नाहीं, आणि त्याबद्दल तिला कोणी दोष देईल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथपर्यंतची गोष्ट नुसत्या यंत्राची झाली. परंतु यंत्र बिघडलें कीं अपराधी शोधण्याची मनुष्याची खोड असते. घाटांतील प्रसंगाच्या आठ दिवस आधीं मोटार एका वर्कशॉपांत धुण्यासाठीं गेली होती, आणि जोराच्या पाण्यानें तिचें इंजिन धुणारा मेकॅनिक हाही आमचाच विद्यार्थी. धन्याहून वर्गानें बराच खालचा, आणि परिस्थितीनें त्याहूनही. "ह्यानेंच पाणी मारून गाडी घालविली," असें धन्यानें ठरविलें. दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजनें पेडल व थ्रॉटल बॉडी दोन्ही नवीं घालावीं लागतील असें सांगून पाऊण लाखावर आंकडा लिहून दिला होता, आणि वर्कशॉपचा चालक त्यांतील मोठा हिस्सा या मुलाच्या पगारांतून दरमहा कापून घेणार होता.

मुलगा एका रात्रीं आमच्या दारीं आला. "सर, पाणी मारलें हें खरें आहे. पण सगळ्या कपलरांना मीं प्लास्टिक बांधलें होतें. गाडी रेस कां घेत नाहीं तें मला एकदां बघायचें आहे. साहेब मला हात लावूं देत नाहींत." आम्ही शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों, मोटारी दुरुस्त करीत नाहीं. तथापि धन्याला निरोप पाठविला, आणि तो जुन्या गुरूच्या शब्दाला मान देऊन रविवारीं मोटार घेऊन आला. मुलानें वर्कशॉपचा स्कॅनर आणला, आम्हीं प्रयोगशाळेंतील मीटर आणला.

प्रथम साध्या गोष्टी पाहिल्या. पायाखालची चटई पेडलाखालीं सरकली आहे काय? नव्हती. ब्रेकचा दिवा विनाकारण पेटून राहतो काय? हा प्रश्न ऐकून धनी हंसला, परंतु तो हंसण्यासारखा नाहीं. अनेक मोटारींत ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही एकाच वेळीं दाबले गेले तर संगणक ब्रेकचें ऐकतो. ब्रेकचा स्विच बिघडून सतत 'ब्रेक दाबला आहे' असें सांगत राहिला तर निरोगी पेडलही मुकें ठरूं शकतें. दिवा नीट होता. मग स्कॅनर जोडला. त्यावर संकेतांक आला पी २१३८. हा जगभरच्या मोटारींस सामान्य असा अंक असून त्याचा अर्थ इतकाच कीं पेडलाच्या दोन संवेदकांच्या सांगण्यांत मेळ नाहीं. पेडल खराब आहे असें तो म्हणत नाहीं. मोठ्या गॅरेजवाल्यांनीं मात्र तो तसाच वाचला होता, आणि वर थ्रॉटल बॉडीचीही भर घातली होती.

दोन संवेदक कशाला, असें मुलें विचारतात. एक खोटें बोलूं लागला तर तें ओळखण्यास दुसरा पाहिजे म्हणून. बहुधा प्रत्येकास पांच व्होल्टांचा वेगळा पुरवठा, वेगळा अर्थ व संदेशाची वेगळी तार असते. अशा सहा तारा. पुष्कळ मोटारींत दुसऱ्याचा आंकडा पहिल्याच्या बरोबर निम्मा ठेवलेला असतो, यासाठीं कीं दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर दोन्हीं आंकडे सारखे होऊन लबाडी उघडी पडावी. मेळ बसला नाहीं तर संगणक मोटारीस रांगण्यापुरती शक्ति देतो, अधिक देत नाहीं. घाटांत हें जीवावर बेतूं शकतें हें खरें. परंतु खोट्या संदेशावर विश्वास ठेवून झडप सताड उघडणें त्याहून भयंकर. २००९-१० सालीं टोयोटा कंपनीच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनीं अमेरिकेंत मोठी खळबळ उडाली, तेव्हां सरकारनें नासा या संस्थेच्या तज्ज्ञांकडून तपास करविला. २०११ च्या फेब्रुवारींत त्याचा अहवाल निघाला. झडप मोठ्या प्रमाणांत आपोआप उघडेल असा विद्युत्-दोष त्यांस आढळला नाहीं. परंतु एका पेडलांत कथलाचा केसासारखा तंतू वाढून दोन संदेशांच्या मध्यें पूल झालेला मात्र त्यांस सांपडला. धातूला केस फुटतात हें ऐकून आमच्या दहावीच्या वर्गानें अर्धा तास दुसरें कांहीं शिकूं दिलें नाहीं.

असो. थ्रॉटलची परीक्षा लवकर आटोपली. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली आणि स्कॅनरमधून झडपेस उघडण्याची आज्ञा दिली. ती मुकाट्यानें उघडली, मुकाट्यानें मिटली. पाऊण लाखांतील मोठा भाग तेथेंच वांचला.

नंतर पेडलाचे आंकडे पाहिले. पाय काढलेला असतांना पहिला संवेदक ०.८ व्होल्ट दाखवीत होता, म्हणजे दुसऱ्यानें ०.४ दाखवावयास हवे होते. तो ०.९५ च्या आसपास होता. पूर्ण दाबल्यावर पहिला ४ वर गेला, दुसरा २ ऐवजीं २.३५ च्या पुढें. वाढ दोघांचीही सुरळीत होती, मध्यें कोठें उडी नाहीं. परंतु दुसरा जणूं उंच पाटावर उभा राहून बोलत होता.

मुलाचा हात कपलर उपटण्यासाठीं पुढें गेला. आम्हीं तो धरला. कपलर काढून पुन्हां बसविला कीं आंतील धातू एकमेकांवर घांसले जातात, वरचा मळ खरवडला जातो आणि दोष दोन दिवस लपून बसतो. मोठ्या गॅरेजांत नेमकें हेंच झालें होतें. तेथें कोणी तो काढून घातला, मोटार दोन दिवस उत्तम चालली, तिसऱ्या दिवशीं पुन्हां मुकी झाली, आणि त्यांनीं निष्कर्ष काढला कीं पेडलच 'गेलें'. वास्तविक जो भाग कपलर हलविल्यानें दोन दिवस बरा होतो तो भाग आंतून मेलेला नाहीं, हें त्यावरून समजावयास हवें होतें.

तेव्हां कपलर जागीं ठेवून त्याच्या पाठीमागून शिवणाच्या बारीक सुया तारांच्या कडेनें आंत सरकविल्या व त्यांस मीटर लावला. पुरवठा दोन्हींकडे पांच व्होल्ट, चोख. मग दुसऱ्या संवेदकाची अर्थाची तार आणि बॅटरीचें ऋण टोक यांच्या मध्यें मोजलें. येथें शून्याजवळचा आंकडा यावयास पाहिजे. आला ०.६.

"आतां तूं हिशेब कर," आम्ही मुलास म्हणालों. त्यानें वर्कशॉपच्या बिलाच्या पाठीवर केला. अर्थ ०.६ नें वर उचलला गेला, तर पांचापैकीं संवेदकास ४.४ च उरले. त्या मानानें ०.४ चे ०.३५ झाले, त्यांत ०.६ मिळविले म्हणजे ०.९५. स्कॅनरवर तोच आंकडा होता. हा मुलगा नववींत ओहमचा नियम लिहितांना वही घामानें भिजवीत असे. बेरीज जुळल्यावर त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें व एकदां धन्याकडे. बोलला कांहीं नाहीं.

आतां कपलर उघडण्यास हरकत नव्हती. सहांपैकीं एका पिनेवर हिरवा कळंक चढला होता, शेजारच्या दोहोंवर त्याची नुकती सुरवात. मुख्य प्रश्न पुढेंच होता, कीं पाणी आलें कोठून? धन्याचें म्हणणें, धुण्याचें. मुलानें पायाखालचा गालिचा उचलला. खालीं वाळलेल्या चिखलाच्या एकाबाहेर एक रेघा होत्या, पूर उतरल्यावर नदीच्या घाटावर दिसतात तशा, आणि कोपऱ्यांत बुरशी. हें आठ दिवसांचें काम नव्हे. मग पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, जेथें वायपर बसतात, तेथील पन्हळीचें झांकण काढलें. पाणी खालीं सोडणारें भोंक गुलमोहराच्या बारीक पानांनीं गच्च बुजलें होतें. त्यांचा अगदीं चहाच्या चोथ्यासारखा लगदा झाला होता. तांब्याभर पाणी ओतलें. तें खालीं न जातां पन्हळींत तुंबलें, कांठावरून आंत वळलें, आणि तारांच्या जुडग्यावरून ओघळत थेंबाथेंबानें पेडलाच्या कपलरावर येऊं लागलें. धनी वांकून, मान वळवून तें पाहत होता. मोटार जून महिन्यापासून त्याच्या बंगल्याबाहेरील गुलमोहराखालीं उभी असे, हें त्यानेंच मग सांगितलें.

मुलानें सायकलच्या ब्रेकची जुनी तार घालून भोंक मोकळें केलें, तेव्हां पाणी चाकामागून भदकन् खालीं पडलें. कळंकलेल्या पिना नुसत्या घांसून भागत नाहीं, वरचा मुलामा गेलेला असतो. म्हणून बाजारांतून नव्या पिना आणून त्यानें त्या दाबून बसविल्या, गालिचा उन्हांत टाकला, संकेतांक पुसला. खर्च तीनशें रुपयांच्या आंत आला. पुन्हां मोजलें तेव्हां ०.८ आणि ०.४, ४ आणि २, आणि मध्यें कोठेंही थांबविलें तरी बरोबर निम्मे.

धन्यानें मुलास आपल्या शेजारीं बसविलें आणि भर पावसांत ते दोघे खंडाळ्यापर्यंत चढून परत आले. पगार कापण्याची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाहीं. वर्कशॉपच्या चालकाकडे धनी स्वतः जाऊन आला होता. मोटार सावलीसाठीं अजूनही त्याच गुलमोहराखालीं उभी असते. दर पंधरा दिवसांनीं तो मुलगा सायकलच्या ब्रेकची तार घेऊन येतो, पन्हळ साफ करतो, आणि त्याचे पैसे मोजून घेतो.