पदरची हवा

जिप्सीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेनं हात घालायला जागा असते. हल्लीच्या गाड्यांत सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं, पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेलं. 1985मध्ये आपल्याकडे आलेली जिप्सी मात्र पोटातलं सगळं उघडं दाखवते आणि रिकामी जागा दाखवून मालकाला नसत्या उद्योगाला लावते. मला तिनं कॉम्प्रेसरच्या नादी लावलं.

भोसरीतल्या मिस्त्रींना बेत सांगितला, तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, नाक्यावरचा पंक्चरवाला चारी चाकांत हवा मारून देतो. हवेसाठी कुणी एवढा खर्च करतं का?"

प्रश्न रास्त होता. पण नाक्यावरची हवा नाक्यावरच राहते. वाळूत किंवा चिखलात गाडी घालायची, तर आधी चाकांतली हवा काढावी लागते. डांबरी रस्त्यावरच्या अठ्ठावीस-तीस पौंडांवरून पंधरा-सोळावर आणायची. लोकांना वाटतं, टायर रुंदीला फुगतो. तो खरा पसरतो लांबीला. गाडीचं वजन मोठ्या पट्ट्यावर वाटलं जातं आणि चाक रुतायचं थांबतं. राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज अधिकारी 1920च्या दशकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या हिंडवत होता, त्याच्याही गाठीला ही युक्ती होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं डीयूकेडब्ल्यू हा पाण्यात तरंगणारा ट्रक काढला. त्याच्या ड्रायव्हरला जागेवर बसूनच चाकांतली हवा कमी-जास्त करता येई. समुद्रातून वर आला की किनाऱ्यावर हवा सोडायची, रस्ता लागला की भरायची.

आता हवा काढायला यंत्र लागत नाही, काडीनंही काम होतं. तरीही कित्येक जण तीस पौंडांवरच वाळूत चाकं गरगर फिरवत बसतात आणि एक्सलपर्यंत रुततात. कारण त्यांना पुढचा रस्ता दिसत असतो. पंधरा पौंडांवर डांबरावर गाडी पळवली तर टायरच्या भिंती तापतात, वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो, आणि पंप असतो तालुक्याच्या गावी. परत मिळेल याची खात्री नसली की माणूस हातचं सोडत नाही. माझ्या मते कॉम्प्रेसर घ्यायचा तो यासाठी: हवा बिनघोर सोडता यावी म्हणून. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा छोटा पंप माझ्याकडे होता. त्यावर एक चाक भरेपर्यंत चहा होतो, निवतो आणि पुन्हा गरम करावा लागतो.

मिस्त्रींना हे पटलं की नाही कोण जाणे, पण काम सुरू झालं. बसवायचा कुठे यावर वाद झाला. चेसिसखाली नको, तिथे ओढ्याचं पाणी आणि धूळ. सायलेन्सरजवळ तर नकोच, कारण कॉम्प्रेसर आधीच तापट. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचा तळ धरून पाहिलेल्याला हे माहीत असतं. म्हणून यंत्रातून निघणारी पहिली नळी लोखंडी जाळीची, प्लास्टिकची नाही. शेवटी मडगार्डच्या आतल्या बाजूला वर जागा सापडली, ब्रॅकेट वेल्ड झाला आणि हवा ओढायचा फिल्टर बॉनेटखाली जमेल तितका उंच गेला.

वायरिंगला मात्र मिस्त्रींनी स्वतःचा हात लावला. जिप्सीचे दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअर ओढत असतील, हा गडी एकटा तीस ओढतो. डॅशबोर्डच्या बटणावरून एवढा करंट न्यायचा म्हणजे आगीला आवतण. बटण फक्त रिलेला खूण करणार, जाड वायर थेट बॅटरीवरून येणार, आणि फ्यूज बॅटरीला चिकटून. वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली आणि फ्यूज लांब असला, तर तो बिचारा बघत बसेल आणि अलीकडची वायर जळेल. "हे नीट केलं नाही तर हवा नंतर, धूर आधी," मिस्त्री म्हणाले.

हवा साठवायची टाकी मागच्या सीटखाली गेली. 150 पौंडांना स्विच यंत्र बंद करतो, 135च्या खाली काटा आला की पुन्हा चालू. टाकीच्या तळाला एक छोटी तोटी आहे. पावसाळ्यात घाटातली हवा भरली की ती आत गार होते आणि तिच्यातलं पाणी तळाशी साचतं. तोटी उघडली की गढूळ पाण्याची चिळकांडी उडते.

लडाखला जाणाऱ्यांना आणखी एक गंमत कळते. खारदुंग ला ही खिंड साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. पुण्यात भरलेलं चाक तिथे मोजलं तर फुंकरही न घालता जास्त पौंड दाखवतं, कारण बाहेरून रेटणारी हवाच कमी झालेली असते. थंडी त्यातले काही पौंड परत खाते. कॉम्प्रेसरला मात्र प्रत्येक दमाला निम्मीच हवा मिळते, आणि माणसासारखाच तोही तिथे धापा टाकतो.

सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासले. एका एल्बोवर बुडबुडे आले, टेफ्लॉन टेप पुन्हा गुंडाळून घट्ट केला. नळी मागच्या दारावरच्या स्टेपनीपर्यंत पोचते ना, तेही पाहिलं. मिस्त्रींनी टाकीवर थाप मारली आणि आवाज खाली आणला.

"साहेब, हवा आहेच, तर एक प्रेशर हॉर्न टाकून देऊ? ट्रकवाले बाजूला होतील."

"नको," मी म्हणालो. "त्याला दंड आहे."

"बटण सीटखाली लपवू की."