मोळीतला धडा



जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात शिकवत असाल, तर तुमच्याही हजेरीत अशी एक मुलगी असेल. उन्हाळा लागला की अधूनमधून गैरहजर. कारण विचारलं तर, "सरपणाला गेली." माझ्या पाचवीच्या वर्गातही होती. वाचनात मागे, म्हणून मी तिला 'कच्ची' ठरवून मोकळी झाले होते.

एकदा परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना घरून लाकडाचा एकेक तुकडा आणायला सांगितला. टेबलावर पाच तुकडे मांडले. मला तर सगळे सारखेच! ती पुढे आली. साल पाहिली, तुकडा हातात तोलला आणि बोलायला लागली.

"बाई, सुसरीच्या पाठीवानी चौकोनी भेगा, हा ऐन. पांढुरकी, गुळगुळीत साल, हा धावडा. काळी साल, उभ्या खोल चिरा, आतून तांबूस आन् जड, ही बाभळ. सालीवर जाड काटं आन् वजनाला हलकी, ही सावर. भुर्रकन जळती, निखारा राहत नाय."

पाचवा तुकडा तिने बाजूला ठेवला. "हा हिरडा. वाऱ्यानं पडलेली फांदी आसंल. उभा हिरडा कोन तोडतं?"

खरंच आहे. बाळहिरडा विकून इथल्या घरांत रोख पैसा येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली, तेव्हा लोकांचं वर्षानुवर्षांचं उत्पन्न गेलं.

मग तिने दोन तुकडे एकमेकांवर आपटले. खणखणीत वाजलं ते वाळलेलं, बद्द वाजलं ते ओलं. ओल्याचा धूर होतो, आईचे डोळे चुरचुरतात, हेही तिनेच सांगितलं. निरीक्षण, तुलना, वर्गीकरण, अनुमान... पुस्तकात आम्ही दुसरं काय शिकवतो?

त्या दिवशी पाचही तुकड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या तिनेच लावल्या. 'धावडा' लिहिताना 'ध' विचारायला माझ्याजवळ आली. वर्षभरात पहिल्यांदाच, आपणहून.

तुम्हीही हा तास घेऊन पाहा. लाकूड मात्र पडलेलं, वाळलेलंच आणायला सांगा. सारख्या मापाचे तुकडे तराजूत तोला. जड लाकडाचा निखारा का टिकतो, ते मुलांनाच विचारा.

आणि एक लक्षात ठेवा. तिच्या ज्ञानाचं कौतुक जरूर करूया, पण म्हणून शाळेच्या वेळेत मोळी तिच्याच डोक्यावर असावी, असं नाही. पालकांनो, हे तुमच्यासाठी.