लांबचा रस्ता, लवकरची पोच

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर साधारण १२,४०० किलोमीटर. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे लेकीकडे जायचं नक्की झाल्यावर मी बॅग भरायच्या आधी गोल काढून बसले. दोरा आपसूक सैबेरियावर चढतो आणि उत्तर ध्रुवाच्या अंगाने अमेरिकेत उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधीच कळत नाही.

फोनवर जावई म्हणाले, “आई, तुमचं विमान त्या वाटेने येतच नाही. पॅसिफिकवरून येतं.”

एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५मध्ये सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी तोंड पूर्वेकडे वळवलं. अंतर झालं सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी प्रवास साडेचौदा तासांवर आला, जवळपास दोन तासांनी कमी! वर्गात आम्ही ‘वेळ म्हणजे अंतर भागिले वेग’ शिकवतो. पण वेग कशाच्या तुलनेत मोजायचा, हा खरा प्रश्न तिथेच राहून जातो.

त्याचं उत्तर मला समोरच्या सीटमागच्या पडद्यावर दिसलं. हिवाळ्याचे दिवस होते. चीनवर असताना जमिनीवरचा वेग ताशी साडेनऊशेच्या आसपास होता. जपान मागे पडलं आणि आकडा चढायला लागला : १,०२०, १,०६०, मग अकराशेच्या वर. सगळे झोपले होते, मी मात्र डोळे लावून बसले होते. इंजिनाचा आवाज तोच, विमान तसंच संथ. हवेतून ते आपल्या नेहमीच्या ताशी नऊशेनेच चाललं होतं. ती हवाच पूर्वेकडे धावत होती. पाठीशी ताशी दोनशेचा वारा असला तर नऊशेचे अकराशे होतात, तोच समोरून आला तर सातशे उरतात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो यामुळेच.

या वाऱ्यांना आपण जेट स्ट्रीम म्हणतो. हिवाळ्यात जपानच्या आसपास ते फार जोरात असतात, कधी कधी ताशी तीनशेच्याही पुढे. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून ते मोजले आणि निष्कर्ष एस्परांतो भाषेत छापले. जगाने वाचावं म्हणून केलेली ती धडपड. पण फारसं कोणी वाचलं नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिकवत असताना हे नाव मला माहीत असतं तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं.

पहाटे दिल्ली सोडलेलं विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून त्याच तारखेच्या पहाटे उतरलं. बाहेर येताच लेकीने विचारलं, “आई, दमलीस का?” मी आधी तिला वाऱ्याचा वेग सांगितला.